गुरूचा ध्रुवीय प्रकाश
आज जुळे सोलापुरात मित्राच्या गच्चीवरून दुर्बिणीतून गुरू पाहिला. त्याला बिलगलेला बारीक ठिपका म्हणजे त्याचा चंद्र आयो.

पृथ्वीवरच्या ध्रुवीय प्रकाशाला, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात झळकणाऱ्या उजेडाला, सूर्याकडून येणारे कण लागतात. गुरूचं बरंचसं घरातच भागतं! आयोच्या ज्वालामुखींमुळे सेकंदाला साधारण 1 टन गंधकयुक्त वायू अवकाशात जातो. त्याचे विद्युतभारित कण होतात आणि 10 तासांच्या आत गिरकी घेणाऱ्या गुरूचं चुंबकीय क्षेत्र त्यांना सोबत फरफटत नेतं. त्यातून ध्रुवांभोवती प्रकाशाचं कडं उजळतं. हबल या अवकाश दुर्बिणीच्या अतिनील चित्रांत कड्याबाहेर एक सुटा ठिपका दिसतो, तो आयोचा ठसा, म्हणजे आयोकडून चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने आलेले कण गुरूच्या हवेवर आदळतात ती जागा. मला खरी भुरळ त्याचीच! गच्चीवरून तो दिसणार नाही, अतिनील प्रकाश आपल्या हवेतच अडतो.

शनिवारी परत जमतोय. मुलांना घेऊन या.