हरणांना रोग आलाय तरी शिकारीला जातेस?

नोव्हेंबर आला की हा प्रश्न येतोच. मावशी फोनवर विचारते, इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी ताट हातात धरून विचारतं, आणि यंदा तर भाच्याने 'झॉम्बी डिअर'ची कसलीतरी क्लिप पाठवली आणि खाली लिहिलं, मावशे, तुमच्या टेक्सासमधे हरणांना मेंदूचा रोग आलाय, तरी तू त्या रँचवर बंदूक घेऊन जातेस आणि वर ते मांस खातेस? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

शिकार म्हटलं की आपल्याला १९७२ चा वन्यजीव कायदा आणि जोधपूरचं काळवीट आठवतं, ते बरोबरच आहे, तिकडे तो गुन्हा आहे आणि असायलाच हवा. इथली परिस्थिती वेगळी. टेक्सासमधे पांढऱ्या शेपटीची हरणं, म्हणजे व्हाइटटेल, पन्नास लाखांच्या वर आहेत, लांडगे कधीच संपवलेत, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे. पण जमीन रँचवाल्याची असली तरी तिच्यावर चरणारं रानटी हरीण कायद्याने जनतेचं. म्हणजे मालक पैसे घेतो ते आत येऊन शिकार करू देण्याचे, त्यालाच लीज म्हणतात, आणि किती मारायची, कधी मारायची हे सरकार ठरवतं. आम्ही ऑफिसमधले काही जण मिळून सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला मेडिना काउंटीत लीज घेतो, आणि या रोगाच्या बातम्यांमधे नेमकं तेच नाव सारखं येतं.

रोगाचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीझ, सगळे सीडब्ल्यूडी म्हणतात. १९६७ मधे कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात कोंडून ठेवलेल्या म्यूल डिअरमधे, म्हणजे पश्चिमेकडच्या हरणांच्या दुसऱ्या एका जातीत, पहिल्यांदा दिसला, आज अमेरिकेतल्या तीसहून जास्त राज्यांत आहे. हा व्हायरस नाही, बॅक्टेरियाही नाही, हा प्रायॉन, म्हणजे चुकीची घडी पडलेलं एक प्रथिन, जे शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी पाडत जातं. गाईंचा मॅड काऊ, मेंढ्यांचा स्क्रेपी, सगळे याच घराण्यातले. लागण झाल्यावर साधारण दीड-दोन वर्षं हरीण चांगलं धडधाकट दिसतं, मग वाळतं, लाळ गळते, कान पडतात, माणसाची भीती वाटेनाशी होते आणि मग मरतंच, औषध नाही, लस नाही. शिजवून प्रायॉन जात नाही आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. त्यामुळे क्लिपमधलं ते झिंगल्यासारखं फिरणारं हरीण ही शेवटची स्टेज, खरा प्रश्न त्या आधीच्या दोन वर्षांचा, तेव्हा ते चार हरणांबरोबर चरत असतं आणि लाळ, मूत, लेंड्या यांतून वाटत असतं.

टेक्सासमधे तो २०१२ मधे सापडला, पार पश्चिमेला न्यू मेक्सिकोच्या हद्दीवर, ह्युको डोंगरातल्या म्यूल डिअरमधे. तिथे तो हरणांच्या पायांनी आला असं समजू शकतो. पण २०१५ मधे तो आमच्या मेडिना काउंटीत निघाला तो एका ब्रीडरकडे. इथे हरणांची पैदास हा मोठा धंदा आहे, उंच कुंपणात, भल्यामोठ्या शिंगांसाठी, आणि मग ती जिवंत हरणं ट्रकमधे घालून या रँचवरून त्या रँचवर विकायची. डोंगर ओलांडायला हरणाला जेवढा काळ लागेल तेवढ्यात ट्रक अख्खं राज्य पालथं घालतो. २०१७ मधे याच काउंटीत कुंपणाबाहेरच्या व्हाइटटेलमधे पहिली केस मिळाली, आणि ती कळली कशी, तर एका शिकाऱ्याने मारलेल्या हरणाचा नमुना तपासला म्हणून.

भाच्याला मी हेच सांगितलं. रानातल्या हरणाची जिवंतपणी तपासणी करायची सोय जवळपास नाहीच, डोकं हातात आल्याशिवाय काही कळत नाही. घशामागच्या लसिका गाठी नाहीतर मेंदूच्या देठाचा तुकडा काढावा लागतो. हे नमुने आणणार कोण? आम्हीच. शिकार बंद केली की रोग बंद होत नाही, फक्त दिसायचा बंद होतो, आणि हरणं वाढून आणखी दाटी होते. लागण जास्त असते ती वय झालेल्या नरांमधे, आणि शिकाऱ्याला हवा असतो तोही तोच. विस्कॉन्सिनमधे २००२ मधे हा सापडला तेव्हा आधी जोरात हरणं कमी करायला घेतली, मग लोक वैतागले, जमीनमालक विरोधात गेले, ते ढिलं पडलं, आणि आता नैऋत्येकडच्या काही भागांत मोठ्या नरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बाधित निघतात. शेजारच्या इलिनॉयने सरकारी नेमबाज लावून दर वर्षी चिकाटीने तेच काम चालू ठेवलं, तिथे प्रमाण बरंच कमी राहिलं. मला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

पण शिकारी म्हणजे देवदूत असंही नाही हं. मक्याचा फीडर बघा, तिपाईवरचा डबा, टायमरवर पहाटे आणि संध्याकाळी मका उडवतो, आणि समोर मचाणात आपण कॉफी पीत बसायचं. टेक्सासमधे हे कायदेशीर आहे, आमच्या लीजवरही आहे. एरवी पांगून चरणारी हरणं त्या दोन वेळा एकाच जागी तोंडं घालतात. मी हा विषय काढला की सगळे आकाशाकडे बघायला लागतात, कारण फीडर काढला तर हरणं शेजारच्या फीडरवर जाणार हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही.

आणि रँचवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. आमचे मालक सत्तरी ओलांडलेले, गाईंवर फार काही सुटत नाही, दुष्काळात तर चारा विकतच घ्यावा लागतो, लीजचे पैसे आले की वर्ष निघतं. त्यांच्या जागेवर एक पॉझिटिव्ह निघालं की लीज घेणारे पळणार, जमिनीचा भाव पडणार, या धास्तीने त्या भागात कितीतरी जण म्हणतात की तपासूच नका. २०२४ मधे डॅलसच्या पूर्वेला कॉफमन काउंटीतल्या एका ब्रीडरचा कळप लांबलचक कोर्टबाजीनंतर सरकारने गोळ्या घालून संपवला, ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याची गाडी दिसली तरी कपाळाला आठ्या. त्यांचा राग मला कळतो. तरी नमुना न देणं मला पटत नाही, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगते, ते ऐकून घेतात आणि बिस्किटं पुढे करतात.

आता खायचं. माणसाला सीडब्ल्यूडी झाल्याची एकही सिद्ध केस नाही. तरी सीडीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला आहे की जिथे रोग आहे तिथलं हरीण तपासून घ्या आणि पॉझिटिव्ह असेल तर खाऊ नका. मॅड काऊच्या वेळी आधी काही होत नाही म्हणाले आणि नंतर माणसं दगावली, त्यामुळे इथे मी शहाणपणा करत नाही. मेंदू, मणका, डोळे, प्लीहा, गाठी यांना हात लावायचा नाही, ग्लोव्ह्ज घालायचे, मांस हाडावरून सोडवून घ्यायचं, डोकं चेक स्टेशनवर, म्हणजे खात्याच्या नमुने घेण्याच्या ठिकाणी, द्यायचं, पावती जपायची. प्रोसेसरला, म्हणजे मांस कापून पाकिटं करून देणाऱ्याला, सांगायचं की माझं हरीण दुसऱ्याच्या मांसात मिसळू नका. रिपोर्ट येईपर्यंत पाकिटं फ्रीझरमधे, वर तारीख आणि पावतीचा नंबर. 'नॉट डिटेक्टेड' आलं की मगच कांदाखोबऱ्याचं वाटण निघतं. ही म्हणजे शंभर टक्के खात्री नाही, अगदी ताजी लागण चाचणीत निसटू शकते, तेवढी जोखीम मी घेते, पाहुण्यांना मात्र आधी विचारते.

हाडं-कातडीचंही सांगते, कारण नवीन लोक तिथेच गडबड करतात. सगळं धूड घरी आणून उरलेलं मागच्या ओढ्यात फेकून द्यायचं नाही. आता राज्यभर नियम आहे, जिथे मारलं तिथेच सोडवून अवशेष तिथेच ठेवा, नाहीतर ते परवानगी असलेल्या लँडफिलला द्या किंवा तीन फूट मातीखाली पुरा.

आणि ज्यांना एवढं सगळं नकोच वाटतं त्यांच्यासाठी इथे चितळ आहे, होय, आपलंच चितळ, १९३०च्या दशकात कोणीतरी हौसेने आणून टेक्सासच्या टेकड्यांत सोडलेलं, आता मोकाट वाढलंय. सरकारच्या लेखी ते परदेशी, त्यामुळे सीझन नाही, आकड्याची मर्यादा नाही, लायसन्स आणि मालकाची परवानगी पुरे, आणि सीडब्ल्यूडी होऊ शकणाऱ्या प्राण्यांच्या इथल्या सरकारी यादीत त्याचं नाव नाही. चवीलाही व्हाइटटेलपेक्षा सरस. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तिकडे जाऊन आपलंच हरीण मारतेस होय गं.