आमची वाटचाल : वणीचा रोलर बंदरावर

आमचं वर्कशॉप वणी-घुग्गुस पट्ट्यात. सारा कोळशाचा भाग, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) खाणी, मालगाड्या भरायच्या सायडिंग, रात्रंदिवस टिप्परची रांग. बाबा आधी टिप्परचे डाले वेल्डिंग करायचे, मग क्रशरवरचे, म्हणजे कोळसा फोडायच्या यंत्रावरचे, जाम झालेले कन्व्हेयर रोलर रिपेअरला येऊ लागले आणि हळूहळू तेच मुख्य काम झालं.

रोलर म्हणजे कोळसा वाहून नेणाऱ्या बेल्टखाली फिरणारा पाइप, दोन्ही टोकाला बेअरिंग, बस. पण एक जरी जाम झाला तर बेल्ट त्याच्यावर घासत राहतो, पाइप झिजून पातळ होतो, फाटतो आणि त्याची धार बेल्टलाच चिरत जाते. लाखोचा बेल्ट जातो बाप्पा! आणि तापलेल्या रोलरवर भुकटी साचली तर आगीची भीती वेगळीच.

गावचा एक पोरगा ओडिशातल्या पारादीप बंदरावर फिटर आहे, तो दिवाळीत आला तेव्हा म्हणे, "भाऊ, तिकडं रोलर टिकतच नाही, एकदा येऊन पहा ना." गेलो. तालचेरचा कोळसा रेल्वेनं पारादीपला येतो अन् तिथून जहाजानं तमिळनाडूत एन्नोरला, तिकडच्या वीज केंद्रांसाठी. आपल्याकडं पेलोडर रेक (अख्खी मालगाडी) भरतो, बंदरावर उलटं, रेक रिकामा करायचा असतो. बॉक्सएन (वरून उघडी) वॅगन असली तर टिपलर नावाचं यंत्र तिला धरून अख्खी पालथी करतं, बॉबर असली तर खालची दारं उघडून कोळसा थेट हॉपरमध्ये पडतो. पुढं सगळं बेल्टवर, प्लॉटवर ढीग, ढिगावरून परत बेल्ट, मग जहाजात कोळसा टाकणारा शिपलोडर. तो जहाजाचा एकच खण काठोकाठ भरत नाही, आलटूनपालटून थोडं थोडं टाकतो कारण वजन एकीकडं झालं तर जहाजावर ताण येतो, अन् तेवढ्यात जहाजवाले पोटातलं बॅलास्टचं (रिकाम्या जहाजाचा तोल राखायला भरलेलं) पाणी बाहेर काढत असतात. अशात बेल्ट थांबला की जहाज उभं, रेक उभा, दोन्हीकडं डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा दंड.

येताना काही मेलेले रोलर सोबत आणले, लेथवर कापले. पाइप ठीक, शाफ्ट ठीक, पण बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी काळा चिखल, भुकटी आणि खारं पाणी एक झालेलं, गोळ्या गंजलेल्या. म्हणजे रोलर सीलपाशी, बेअरिंगमध्ये धूळ-पाणी जाऊ न देणाऱ्या भागापाशी, मरतो हे पक्कं झालं. तेव्हापासून आमचं सगळं लक्ष सीलवरच. एकात एक बसणाऱ्या लॅबिरिंथ (वळणावळणाच्या वाटेच्या) रिंगा, मधी ग्रीस, बाहेरून झाकण. ड्रममध्ये मिठाचं पाणी आणि कोळशाची भुकटी टाकून त्यात रोलर फिरवत ठेवतो, मग कापून ग्रीस बोटावर घेऊन पाहतो. काळी निघाली तर तो लॉट जात नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

आज इथले क्रशर आणि बंदर दोन्हीकडं माल जातो. पेमेंट मात्र लय उशिरा येतं, छोट्या वर्कशॉपला तेच जड जातं. पोरं बहुतेक आयटीआयची, जवळच्या गावातली. आता शूटखाली (कोळसा खाली सोडणाऱ्या घसरणीखाली) जिथं कोळसा वरून आदळतो तिथले रबर रिंगवाले इम्पॅक्ट रोलर सुरू केलेत, रिंगा सध्या बाहेरून येतात, पण मोल्डिंगसाठी बाजूलाच शेड टाकणं चालू आहे.