सासूबाईंची पॉलिसी पोर्ट केली, त्याची हकिगत

आरोग्य विमा एका कंपनीतून दुसरीत नेताना नवी कंपनी नखरे करणार, अशी माझी तयारी होती. सासूबाईंचं वय सत्तरीला टेकलेलं, शुगर आणि बीपी दोन्ही, शिवाय गेल्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन. पण नव्या कंपनीने तपासण्या केल्या, हप्ता थोडा चढवला आणि घेतलं. रखडवलं ते जुन्या कंपनीने, जिला आम्ही वर्षानुवर्षं न चुकता पैसे भरत आलो. तो राग अजून गेलेला नाही.

बदलायचं का ठरवलं, ते आधी सांगते. जुनी पॉलिसी ३ लाखांची. त्यात खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला ३००० रुपये. ऑपरेशनच्या वेळी बेळगावात मिळालेली खोली ४५०० ची होती. मला वाटलं, वरचे दीड हजार आपण भरू. तसं नसतं. खोली मर्यादेच्या वरची घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, सगळ्यालाच त्या प्रमाणात कात्री लागते. १०० रुपयांचे ६६ मंजूर. औषधांना ही कात्री लागत नाही, एवढंच समाधान. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी हे गणित कळलं, आणि तिथेच ठरवलं की ही पॉलिसी पुन्हा रिन्यू करायची नाही.

माझ्या नणंदेने मिरजेत तिच्या सासऱ्यांची पॉलिसी बदलली होती. तिने एकच गोष्ट बजावून सांगितली: "वहिनी, नोटिशीची वाट बघू नका." पोर्टचा अर्ज मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी नव्या कंपनीकडे पोचायला हवा, आणि ६० दिवसांच्या आधी तो घेत नाहीत. म्हणजे खिडकी जेमतेम पंधरवड्याची. त्यानंतर गेलात तर नवी कंपनी घ्यायला बांधील नाही, घेतलं तर तिची मर्जी. आणि आमच्याकडे जुन्या कंपनीची रिन्यूअल नोटीस कधी आली? मुदतीला महिना राहिला तेव्हा! दार लावून झाल्यावर पाहुण्याला या म्हणण्यातला प्रकार. तेव्हा पॉलिसीवरची तारीख आजच बघा, दोन महिने मागे मोजा आणि कॅलेंडरवर खूण करा.

बाजारात चौकशी सुरू केल्यावर एक विमा सल्लागार घरी आला. तो म्हणाला, "पोर्टच्या भानगडीत कशाला पडता वहिनी? फ्रेश घ्या की. आठ दिवसांत हातात." असं कुणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. फ्रेश घेतली की आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पीरियड, म्हणजे त्या आजारांचे पैसे न मिळण्याचा काळ, शून्यापासून सुरू, तो ३ वर्षांपर्यंत असू शकतो. पोर्ट केली की जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षं सोबत येतात. सलग ६० महिने झाल्यावर माहिती लपवल्याचं कारण काढून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. तो हक्कही पोर्टमध्ये टिकतो, फ्रेशमध्ये जातो. मात्र हे संरक्षण जुन्या रकमेपुरतंच. आम्ही ३ चे १० लाख केले, तर वरच्या ७ लाखांना वेटिंग नव्याने लागलं. हे आम्हाला नव्या कंपनीच्या मुलीने स्वच्छ सांगितलं, त्याबद्दल तिचे आभार.

आता मुख्य रड. नव्या कंपनीने पोर्टलवरून जुन्या कंपनीकडे माहिती मागवली: पॉलिसी कधीपासून, क्लेम किती, बोनस किती. नियमाप्रमाणे ही माहिती ७२ तासांत द्यायची असते. ती मिळाल्यावर नव्या कंपनीने ५ दिवसांत होय की नाही ते सांगायचं. कागदावर किती छान. इकडे ७२ तास गेले, आठवडा गेला, नवी कंपनी म्हणते "डेटा आला नाही." मी जुन्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. कन्नड, हिंदी, इंग्लिश यातलं काय हवं ते दाबा, मग गाणं ऐका. शेवटी जो माणूस आला तो म्हणाला, आमच्याकडे अशी रिक्वेस्टच नाही.

मग शाखेत गेले. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरकडे न बघताच सांगितलं, हे सगळं वरून होतं, आमच्या हातात काही नाही. मी म्हटलं, मग वर कुणाशी बोलू, नंबर द्या. "नाळे बर्री," म्हणाले, म्हणजे उद्या या. उद्या गेले तर साहेब मीटिंगला. परवा गेले तर म्हणे सर्व्हर डाऊन. मला कन्नड बऱ्यापैकी येतं, बाजारहाट आणि बसपुरतं नव्हे, भांडायलाही पुरतं. पण भांडायला समोर माणूस तरी हवा. काउंटरवरचा मुलगा सरळ होता बिचारा, हळूच म्हणाला, "अक्का, आमच्या हातात खरंच नाही. मेल टाका, लेखी टाका."

त्याच सुमारास आमच्या जुन्या एजंटचे फोन सुरू झाले. एरवी वर्षातून एकदा चेकसाठी उगवणारा माणूस आता रोज. "वहिनी, क्लेम झालाय, नवी कंपनी घेणारच नाही." दुसऱ्या दिवशी, "मी वरच्यांशी बोललोय, रक्कम वाढवून देतो की." तिसऱ्या दिवशी सासूबाईंनाच फोन: "मावशी, सुनबाई उगीच धावपळ करतात." सासूबाईंनी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मला एक कळलं. आमच्याकडे रिक्वेस्टच नाही म्हणणाऱ्या कंपनीच्या एजंटला मी पोर्ट करतेय हे समजलं कुठून?

अडकलेली गाडी हलली ती अशी. नव्या कंपनीकडून एक मेल मागून घेतली, ज्यात रिक्वेस्ट पाठवल्याची तारीख आणि नंबर होता. तोंडी काही चालत नाही. ती मेल जोडून जुन्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. त्याचा पत्ता पॉलिसीच्या कागदांतच बारीक अक्षरात छापलेला असतो, शोधावा लागतो. सोबत विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवली. फोनवरून करायची असेल तर १५५२५५. टोकन नंबर मिळतो, तो जपून ठेवा. कंपनीला उत्तरासाठी दोन आठवडे असतात. त्यानेही भागलं नाही तर कर्नाटकासाठी विमा लोकपाल बेंगळुरूला आहेत, तिथे फी लागत नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही. तक्रार नोंदवल्यावर लगेच माहिती गेली! म्हणजे सर्व्हर कधी डाऊन नव्हताच.

वाट बघण्याच्या काळात मुदत उलटू देऊ नका. मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते हे खरं, पण वर्षाचा हप्ता भरणाऱ्यांना त्या दिवसांत दवाखाना लागला तर पैसे मिळत नाहीत. होकार आला नसता तर मी शेवटच्या दिवशी निमूट जुनाच हप्ता भरणार होते, पैसे बाजूला काढून ठेवले होते.

अर्जाआधी करायचं एक काम आता आठवलं: मागच्या चार-पाच वर्षांच्या पॉलिसींच्या प्रती एका पिशवीत घाला. आमच्या जुन्या कागदांवर बेलगाम, आधारवर बेळगावी. नव्या कंपनीने त्यावरही एक खुलासा लिहून घेतला.

दवाखान्यांची यादी बघताना बेळगावपुरतं थांबू नका. आपल्याकडे अर्धे लोक मिरजेला नाहीतर कोल्हापूरला जातात. कॅशलेस दोन्हीकडे आहे का ते बघा, आणि दवाखान्याच्या विमा काउंटरवर फोन करून खात्री करा, कारण यादी शिळी असते. हप्त्याची तुलना करताना जुनी पावती जीएसटीसह आहे का बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. कर गेला तो सरकारने घालवला, ती कंपनीची सूट नव्हे.

त्याच झपाट्यात घरातले बाकीचे विमे आणि करारही उरकले. गाडीच्या विम्यात थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं (१००० ते १५०० सीसीच्या कारला २०२२ च्या दराप्रमाणे ३४१६ रुपये), तिथे घासाघीस नाही. जी होते ती ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. एक कोटेशन फारच स्वस्त आलं, उघडून बघितलं तर गाडीची किंमतच खाली आणलेली. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा कारवर आहे, तर स्कूटरवर पुन्हा घ्यायची गरज नाही, तरी चिकटवतात. डिशवाल्याने बेळगावचा ५९० चा पिनकोड बघून सगळे कन्नड चॅनल दिले होते, आम्हाला हवे ते मराठी वेगळे निवडून घेतले. वॉटर फिल्टरच्या वर्षाच्या करारात मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला पडदा, धरलेला नव्हता. विचारल्यावर कळलं. करार सोडला, गल्लीतला मेकॅनिक बोलावला.

नवी पॉलिसी आल्यावर पहिल्या पानावर आधी एकच बघितलं, सलग विम्याची मूळ तारीख. ती आजची छापून आली असेल तर सगळी खटपट पाण्यात, तेव्हा दुरुस्ती लगेच मागा. आमची तारीख बरोबर होती. सासूबाईंचं वय मात्र एक वर्षाने कमी छापलं होतं. त्या म्हणाल्या राहू दे की. मी दुरुस्त करून घेतलं.