घराएवढाच गट : आमची वाटचाल

नेपाळच्या सहलीला आम्ही सोळाच्या वर माणसं घेत नाही, हे ऐकून फोनवरचे बरेच जण जरा बिचकतात. मोठ्या कंपन्यांची बस चाळीस जणांची असते, मग यांना परवडतं कसं? उत्तर साधं आहे. काठमांडूला लागून असलेल्या पाटणमधल्या, तिथल्या मूळ रहिवासी नेवार लोकांच्या ज्या जुन्या घरात आम्ही उतरतो, तिथे खोल्याच आठ आहेत.

सुरुवात मात्र चारचौघांसारखीच झाली. पुण्यात एका भाड्याच्या खोलीत मी आणि नवरा, आणि ठरलेली पशुपतिनाथ-मुक्तिनाथ-पोखरा यात्रा. काठमांडूत मुक्काम ठमेल या पर्यटकांच्या भागात. लिफ्टवालं हॉटेल, जेवणात पनीर, संध्याकाळी खरेदी. तक्रार कुणाचीच नव्हती. फक्त परत आल्यावर लोक मंदिरांबद्दल आणि शालींबद्दल बोलायचे. तिथली माणसं कशी राहतात याबद्दल कुणाकडे सांगण्यासारखं काही नसायचं, आणि आमच्याकडे तरी कुठे होतं?

मग एका हंगामात ठमेलला खोल्याच मिळेनात, म्हणून तिथल्या आमच्या एजंटनं गटाला पाटणला दरबार चौकाच्या उत्तरेकडे, स्वथच्या गल्ल्यांत नेलं. गाडी लांब थांबली, बॅगा हमालांनी पाठीवरून आणल्या. घराचं दार एवढं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येईना. पहिल्या रात्री दोन काकांची कपाळं चौकटीला आपटली. दुसऱ्या दिवशी तेच काका इतरांना सांगत होते, ‘वाका, वाका.’

त्या घराची मांडणी समजून घ्यायला आम्हाला काही मुक्काम लागले. भिंती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड विटांच्या. दर्शनी बाजूला ‘दाची अप्पा’ ही खास वीट, मागे निमुळती असल्यामुळे सांधा बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. खिडक्यांना साल वृक्षाच्या लाकडाची जाळी. आतून गल्ली दिसते, गल्लीतून आतलं काही दिसत नाही. तळमजल्यावर पूर्वी दुकान किंवा कोठार असायचं, माणसं वर झोपायची, आणि स्वयंपाकघर व देवघर सगळ्यात वर, कौलांखाली. परक्यानं तिथपर्यंत चढायचं नाही, असा रिवाज होता. आता त्याच माळ्यावर आमचा गट नाश्ता करतो. घरमालकीण दिदी हसत म्हणतात, ‘माझ्या सासूबाई असत्या तर तुम्हाला दुसऱ्या जिन्यावरच अडवलं असतं.’

अशा घरांचं कोरीव काम उरलं, याचं श्रेय बऱ्याच अंशी काठमांडूच्या द्वारिकादास श्रेष्ठ यांना जातं. १९५२ मध्ये काही सुतार एका जुन्या घराचा कोरीव खांब करवतीनं कापताना त्यांना दिसले. त्यांनी नवं लाकूड देऊन तो खांब सोडवून घेतला आणि पुढे मोडीत निघालेल्या खिडक्या-दारं जमवत गेले. त्यातूनच पशुपतिनाथाजवळच्या बत्तीसपुतलीत ‘द्वारिकाज’ हे हॉटेल उभं राहिलं. त्यांच्यामागे पत्नी अंबिका श्रेष्ठ यांनी ते सांभाळलं. आमच्या दरात तिथला मुक्काम बसत नाही. एका संध्याकाळी चहाला नेतो, आणि तेवढ्यात लोकांच्या मनातला ‘जुनं घर म्हणजे गैरसोय’ हा समज निघून जातो.

जुन्या घरांचा खरा शत्रू मात्र करवत नव्हे, वाटणी. नेवारांत भाऊ वेगळे झाले की घर उभं चिरलं जातं, तळापासून कौलापर्यंत प्रत्येकाला एक पट्टी. मग जिने वेगळे होतात, एकानं आपली पट्टी पाडून तिथे सिमेंटचा मनोरा चढवला की शेजारच्याची भिंत उघडी पडते. सदाशिव आणि शनिवार पेठेतले वाडे जाताना पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खोल्यांचं भाडं येत राहिलं, तर भावांना घर एकत्र ठेवण्याचं कारण मिळतं. आमच्या दिदींच्या घरात तीन भावांचा हिस्सा आहे आणि हिशोब दर महिन्याला होतो. भांडणही होतं, पण हिशोबावरून. घरावरून नाही.

२५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात काठमांडूतला जुना लाकडी काष्ठमंडप कोसळला, पाटण आणि त्याच खोऱ्यातल्या भक्तपूर शहराचे चौक ढिगाऱ्यांनी भरले. दिदींच्या घराची वरची भिंत सुटली. आम्ही मे महिन्याच्या सगळ्या सहलींचे पैसे परत केले. त्याच वर्षाच्या अखेरीस भारत-नेपाळ सीमेवरची नाकेबंदी आणि गॅसटंचाई आली, नंतर २०२० मध्ये करोना. त्या वर्षांबद्दल एवढंच सांगते की पुण्यातली खोली सोडली आणि ऑफिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणलं. भूकंपानंतर काठमांडूत काँक्रीटच्या सांगाड्याला वरून विटा चिकटवलेली ‘हेरिटेज’ हॉटेलंही निघाली. आता नवीन जागा पाहताना मी आधी खिडकीच्या कोनाड्यात हात घालून भिंतीची जाडी पाहते.

आमची सगळ्यात चालणारी सहल डिसेंबरातली आहे, आणि ती गिऱ्हाइकांनीच घडवली. भक्तपूरच्या तचपाल चौकात पंधराव्या शतकातलं दत्तात्रेयाचं मंदिर आहे. जवळच पुजारी मठ, त्याची मोराची खिडकी जगप्रसिद्ध. (१९७० मध्ये युवराज वीरेंद्र यांच्या लग्नात पश्चिम जर्मनीनं आहेर म्हणून या मठाची दुरुस्ती करून दिली. आहेर असावा तर असा.) औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर करणारी एक आजी म्हणाल्या, ‘इथे दत्तजयंतीला आणा ना.’ तारखा पाहिल्या तर मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजेच नेवारांची योमरी पुन्ही. नव्या तांदळाच्या उकडीत चाकू नावाचा घट्ट गूळ आणि तीळ भरून, एका टोकाला शेपटी काढून योमरी वाफवतात. दिदींनी पीठ मळायला घेतलं आणि आमच्या बायकांनी परात जवळजवळ हिसकावूनच घेतली. कळ्या पाडायच्या नाहीत हे कुणाला पटेना. शेवटी अर्ध्या योमऱ्या, अर्धे मोदक असं ठरलं.

नेवार जेवणात म्हशीचं मांस बरंच असतं, त्यामुळे समयबजी या पारंपरिक ताटात छोयला, म्हणजे मसालेदार मांस, नको, हे आम्ही आधीच कळवतो. चिउरा म्हणजे आपले पोहे, भाजलेले सोयाबीन, आलं, बटाट्याचं लोणचं एवढ्यावर आपल्या माणसाचं पोट भरतं. भक्तपूरचं जुजु धौ, म्हणजे तिथलं गोड घट्ट दही, असेल तर आणखी काही मागतही नाहीत. मेच्या गटाला नशीब असेल तर पाटणमध्ये रातो मच्छिंद्रनाथाचा वेताबांबूचा उंच रथ गल्लीत अडकलेला दिसतो. नवनाथांच्या कथा ऐकत वाढलेल्यांना हा मच्छिंद्र ओळखीचा, पण तिथले बौद्ध त्याच रथातल्या देवाला करुणामय लोकेश्वर म्हणून हात जोडतात.

बुकिंग घेताना मी पैशांच्या आधी गुडघ्यांचं विचारते. जिने उभे, लाकडी, एका हातानं दोरी धरून चढायचे. लिफ्ट नाही आणि बसवताही येणार नाही. तळमजल्याच्या दोन खोल्या ज्येष्ठांना देतो, पण पावसाळ्यात त्यांना ओल येते हेही सांगतो. यावरून काही बुकिंग जातात. जाऊ देत. पहाटे मंदिराच्या घंटा वाजायला लागल्या की खोली बदलून मागणारे असतातच, त्यांना बदलून द्यायला तिथे दुसरी खोलीही नसते.

येत्या नोव्हेंबरपासून बंदीपूर जोडतोय. काठमांडू-पोखरा रस्त्याच्या वरच्या डोंगरावरचं हे नेवार व्यापाऱ्यांचं गाव. महामार्ग खालून डुम्रेवरून गेला आणि पेढ्या खाली उतरल्या. रिकाम्या झालेल्या घरांत आता पाहुणे राहतात. बाजारपेठेच्या फरसबंद रस्त्यावर गाड्यांना बंदी आहे. तिथल्या मालकांशी दर ठरलाय, फक्त सकाळच्या चहात दूध किती घालायचं यावर बोलणी अजून चालू आहेत.