लायसन्स अडकलं आणि सायकल हाती आली

लग्नाआधीचं लायसन्स आणि लग्नानंतरचा पासपोर्ट घेऊन जर्मनीला येणाऱ्या मुलींनो, विवाह नोंदणीचा मूळ दाखला सोबत आणा. माझा पुण्यात आईच्या कपाटात राहिला आणि पुढचे ७ महिने त्यात गेले.

आम्ही म्युन्स्टरला राहतो. इथे राहायला आल्यापासून भारतीय लायसन्सवर ६ महिनेच गाडी चालवता येते. मग जर्मन लायसन्स हवं, आणि त्यासाठी आपल्याला लेखी आणि गाडीवरची अशा दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग हे पटकन उरकलं.

अडलं ते नावावर. लायसन्सवर बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. टेबलापलीकडच्या बाईंनी दोन्ही शेजारी ठेवून विचारलं, ही एकच व्यक्ती कशावरून? आमच्याकडे लग्नानंतर मधलं नावही बदलतं, असं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कागद परत दिले. आईने दाखला कुरियरने पाठवला, तर त्याचं जर्मन भाषांतर हवं, तेही शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. ते करून घेतलं, तर भेटीची पुढची वेळ ५ आठवड्यांनी. त्या भेटीत कळलं की लायसन्सचंही तसंच भाषांतर लागतं. पुन्हा वेळ, पुन्हा वाट. फोन कोणी उचलत नसे, ईमेलला उत्तर नसे, जे काही यायचं ते टपालाने. रोज कामावरून आल्यावर आधी टपालपेटी उघडायची, हा माझा नेमच झाला होता. पहिल्याच दिवशी कोणी सगळी यादी एका कागदावर दिली असती, तर दोन खेपांत काम झालं असतं. याचा राग मला अजून येतो. तुम्ही पहिल्या भेटीतच म्हणा, आणखी जे काही लागेल ते सगळं लिहून द्या. आणि लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

दरम्यान ६ महिने उलटले, गाडी बंद. म्हणून जुनी सायकल घेतली. सायकलला इथे लोक प्रेमाने ‘लेत्से’ म्हणतात. जुन्या तटबंदीच्या जागी शहराभोवती साधारण साडेचार किलोमीटरचा रस्ता आहे, दुतर्फा लिंडनची झाडं, मोटारी नाहीत. तिथून कामावर जाताना मला बाबा आठवायचे. तेही पुण्यात सायकलनेच ऑफिसला जात, आणि संध्याकाळी घरी आले की आमच्याशी गप्पा मारण्याइतके ताजे असत. मी हिंजवडीहून परतायचे ती कुणाशी बोलायचीही इच्छा नसलेली. बुधवारी आणि शनिवारी कॅथेड्रलसमोर बाजार भरतो. सायकलच्या दोन पिशव्यांत मावेल तेवढंच घेते, त्यामुळे घरात भाजी सडत नाही. रविवारी दुकानं बंद. सुरुवातीला दूध संपलं की जीव खालीवर व्हायचा. आता शनिवारीच आणून ठेवते आणि रविवारी उशिरापर्यंत चहा चालतो.

गाडीच्या परीक्षेबद्दल राहिलंच. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे अंगवळणी पडेपर्यंत सराव करा. वळताना खांद्यावरून मागे मान वळवून बघाच, नुसत्या आरशावर भागत नाही. पुण्यातल्या सवयीने माझं सरावात इथेच चुकत होतं. परीक्षेत मात्र पहिल्या खेपेलाच पास झाले, त्याचा मला फार आनंद आहे.

लायसन्स येऊन वर्ष होईल. गाडी अजून घेतलेली नाही. गेल्या महिन्यात थंडीसाठी चांगले हातमोजे घेतले.