आमची वाटचाल : बोअरच्या पाण्यापासून रविवारच्या वर्गापर्यंत

आमच्या गॅरेजच्या दारावर मधोमध कापलेला एक रेडिएटर टांगलाय. शेजारी लिंबू-मिरची पण आहे, तो आईचा आग्रह. नवा माणूस आला की हमखास विचारतो, "हे भंगार कशाला लावलंय ओ इथं?" त्याचं उत्तर लांब आहे, उभ्या उभ्या सांगता येत नाही.

वडील गिरणीत फिटर होते. सोलापूर भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, तेव्हाची गोष्ट. गिरणी बंद पडली तेव्हा ते पंचेचाळीसचे होते आणि घरात आम्ही तिघं भावंडं. 1996 साली त्यांनी अक्कलकोट रोडला पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. मोटारीचं काम ते शिकलेले नव्हते. पण बेअरिंगला मोटार काय आणि गिरणीतला साचा काय, असं त्यांचं म्हणणं. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करतो तो) बेअरिंग वाजतंय की वॉटर पंपाचं, हे ते अर्ध्या मिनिटात सांगत. आजही मी असंच ऐकतो. घरी करून बघणार असाल तर बाह्या वर सारा, गळ्यात काही लोंबकळत ठेवू नका आणि पेचकस बेल्टपासून लांब धरा.

तेव्हा येणाऱ्या गाड्या म्हणजे मारुती 800, पद्मिनी, थोड्या अँबेसेडर आणि खेड्यातल्या जीपा. गाडीवाल्यांना निम्मं काम स्वतःलाच यायचं. डिकीत प्लग पाना असायचाच. कार्बोरेटरमध्ये कचरा आला तर गाडी कडेला घेऊन जेट फुंकून पुढं जाणारी माणसं होती. मग कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या गाड्या आल्या, बोनेटखाली सगळं काळ्या प्लॅस्टिकनं झाकलं गेलं आणि लोकांनी बोनेट उघडणंच सोडलं. खरं तर तपासायच्या रोजच्या गोष्टी होत्या तिथंच राहिल्या. ऑइलची पट्टी, कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली, ब्रेक ऑइलची बाटली, बॅटरी, बेल्ट. झाकली गेली ती फक्त हिंमत.

आता रेडिएटर. 2004 चा मे महिना. ऊन तुम्हाला सांगायला नको, इथं पारा चव्वेचाळीसला गेला तरी कोणी दचकत नाही. ओळखीचं एक कुटुंब तुळजापूरला निघालेलं. जाता जाता शेडवर थांबले, "जरा पाणी बघ रे." मी बावीस वर्षांचा, कानात वारं भरलेलं. कूलंट कमी होतं. शेडमागं बोअर होती, तिचं दोन लिटर पाणी ओतलं, झाकण लावलं, पैसे पण घेतले नाहीत. हे मी पहिल्यांदा करत नव्हतो, वर्षभर सगळ्यांनाच तेच पाणी घालत होतो, त्या गाडीलाही.

तुळजापूरच्या घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला. त्यांनी "एवढा चढ संपू दे" म्हणून गाडी तशीच दामटली. हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, पॅकिंग गेलं, हेड वाकलं. टोचन करून गाडी शेडवर आणली तेव्हा ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा साका होता. म्हणजे पाणी ऑइलमध्ये शिरलेलं. (पावसाळ्यात फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडा पिवळट फेस येतो, तो निव्वळ ओलाव्याचा. त्याला घाबरू नका. पट्टीवरचं ऑइलही तसंच दिसलं आणि कूलंट कमी होत असलं, तर मात्र गाडी चालू करू नका.)

वडिलांनी काही न बोलता रेडिएटर उतरवला आणि हॅकसॉनं कापून माझ्यापुढं ठेवला. आतल्या बारीक नळ्यांत पांढरा थर. आपल्या बंबात किंवा पाण्याच्या हीटरच्या कॉइलवर जमतो तोच, बोअरच्या जड पाण्यातला चुना. निम्म्या नळ्या बुजलेल्या. पाणी फिरायला वाटच नाही, मग इंजिन गार कसं होणार? हेड लेथवर फेस करून आणलं, नवं पॅकिंग टाकलं, नवा रेडिएटर बसवला. सगळा खर्च आमचा. त्या काळात तो आमच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. गिऱ्हाईक म्हणालं, अर्धा मी देतो. वडील म्हणाले, "पाणी आम्ही घातलं की." विषय संपला.

तेव्हापासून आमच्याकडं गाडीत बोअरचं पाणी जात नाही. तयार कूलंट नाहीतर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी, जे बॅटरीवाल्याकडं कॅनमध्ये मिळतं. कूलंट फक्त थंडीच्या मुलखात लागतं हा गैरसमज सोलापुरात फार. त्यानं उकळण्याची पातळी वर जाते आणि आतलं ॲल्युमिनियम गंजत नाही, आपल्याला दोन्ही हवंय. रस्त्यात अडलात आणि दुसरं काहीच नसेल तर पिण्याचं पाणी घाला, पण घरी आल्यावर काढून टाका.

आणि काटा वर चढला तर? एसी बंद करा, हीटर फुल्ल लावा. मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षाच, पण इंजिनची तेवढी उष्णता आत ओढली जाते. गाडी कडेला घेऊन बंद करा. बोनेट उघडा, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, त्याच क्षणी त्याची वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. निदान पाऊण तास थांबा. मग जाड फडकं धरून झाकण आधी थोडंच फिरवा, फुसफुस पूर्ण थांबू द्या. तापलेल्या इंजिनवर बाहेरून गार पाणी मारू नका, हेडला तडा जातो.

यातलंच एक निदान तुम्हाला घरबसल्या करता येतं. सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी तापते आणि पुणे हायवेला सुटली की काटा खाली येतो? मग आधी फॅन बघा. फ्यूज, रिले, मोटर. उलट गावात ठीक आणि हायवेला वेगात तापते? मग रेडिएटर बुजलाय किंवा पाणी नीट फिरत नाहीये. ही एक खूण गिऱ्हाइकानं फोनवर सांगितली तरी आमचा तास वाचतो.

2009 ला होटगी रोडला स्वतःची जागा घेतली. त्याच वर्षी एक गाडी जॅकवरून घसरली. खाली कोणी नव्हतं. काढलेलं चाक पोऱ्यानं सवयीनं गाडीच्या पत्र्याखाली सरकवून ठेवलं होतं, गाडी त्याच्यावर बसली. हेल्परचा पाय तिथून वीतभर लांब होता. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. घोडी (गाडी धरून ठेवणारा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय आमच्याकडं कोणी गाडीखाली जात नाही, मालकाचा मुलगा असला तरी. गाडीबरोबर मिळणाऱ्या जॅकवर फक्त स्टेपनी बदलायची, तीही सपाट जागेवर, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड लावून. नट आधी जमिनीवरच सैल करायचे, आणि आवळताना समोरासमोरचे घ्यायचे, ओळीनं नाही.

मग 2020. मार्चमध्ये सगळं बंद झालं, शेड बंद, कमाई शून्य. पण फोन थांबेनात. गाड्या दारात उभ्या राहून बॅटऱ्या उतरलेल्या, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, हँडब्रेक ओढून ठेवल्यानं मागचे ड्रम चिकटलेले. मी व्हिडिओ कॉलवर सांगायचो, समोरचा करायचा. भवानी पेठेतले एक यंत्रमागवाले अण्णा होते, आयुष्यात बोनेट उघडलं नव्हतं. त्यांना म्हटलं, आधी काळी वायर काढा, मग लाल. ते म्हणाले, "आधी काळीच का?" प्रश्न बरोबर होता. लाल आधी काढताना पाना चुकून बॉडीला लागला तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते. काळी आधी निघाली की पाना कुठंही लागू दे. लावताना उलट, काळी शेवटी. कारण कळल्यावर अण्णा पुन्हा चुकले नाहीत. घरचं काम कसं शिकवायचं हे मला तिथं उमगलं.

शेड उघडल्यावर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. पहिल्या रविवारी चार जण आले, त्यातले दोघं चहाला. आता दहा-बारा येतात. माझा धाकटा भाऊ पहिल्यापासून विरोधात. "सगळं शिकवलंस तर येतील कशाला?" त्याचं अगदीच चूक नव्हतं. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर बदलायची मजुरी आमची गेलीच. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत डाव्या सीटपुढच्या खणामागं असतो, दहा मिनिटांचं काम. आपल्या धुळीत तो वर्षाआधीच मातीचा पापड होतो.

एका रविवारची गोष्ट सांगतो. निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. त्यांची गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारायची नाही. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदललेल्या, तिसरी घ्यायला निघालेले. बॅटरी 35 अँपिअर-तासांची. रात्रभर उभ्या गाडीवर मीटर लावला, 12.2 व्होल्ट. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. गाडी चालू केली तर 14.2, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. मग गळती कुठं? गाडी बंद, दारं लावलेली, काळी वायर काढून मीटर मधे जोडला आणि अर्धा तास काहीही केलं नाही. हे थांबणं महत्त्वाचं, आतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच. निरोगी गाडी 0.05 अँपिअरच्या आत राहते. गुरुजींची 0.38 वर थांबली.

गुरुजींनीच फळ्यावर गुणाकार केला. 0.38 गुणिले 24, दिवसाला नऊ अँपिअर-तास. दोन दिवसांत निम्मी बॅटरी रिकामी आणि गुरुजी गाडी काढणार आठवड्यातून एकदा. एकेक फ्यूज उपसत गेलो. सहाव्याला आकडा धपकन 0.02 वर. त्या फ्यूजवर डॅशकॅमेऱ्याची वायर जोडलेली होती, कॅमेरा दिवसरात्र चालू. बॅटरी बिचारी दोन्ही वेळा निर्दोष होती. वायर चावीवर चालणाऱ्या फ्यूजवर घेतली, खर्च शून्य. गुरुजींनी पुढच्या रविवारी कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणली, ती मजुरी.

टायरबद्दल मी वर्गात जरा चढ्या आवाजात बोलतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवा म्हणजे टायर फुटत नाही, हे सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे आणि साफ उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दर फेऱ्याला बाजूनं वाकतो आणि त्यानंच तापतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो, तेवढी हवा, सकाळी गाडी गार असताना. टायरच्या बाजूला चार आकडे शोधा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं.

हल्ली मुलं गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा पाच-सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घेऊन येतात. घ्या, चांगलं आहे. पण कोड म्हणजे निकाल नव्हे, तक्रार आहे. पी 0171 आला की इंजिनला हवा जास्त, पेट्रोल कमी मिळतंय एवढंच कळतं. एका मुलानं सेन्सर बदलला, तरी डॅशवरचा इंजिनचा दिवा तसाच. हवेच्या पाइपाला करंगळीएवढी चीर होती, हातानं चाचपल्यावर सापडली.

काही कामं आम्ही शिकवत नाही, भिंतीवर लिहूनच ठेवलंय. ब्रेक उघडणं, एअरबॅग, टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस. ब्रेक ऑइलची पातळी बघा, दर दोन वर्षांनी बदलायची आठवण ठेवा, कारण ते हवेतला ओलावा ओढतं. पण बदलायला या. जुनं इंजिन ऑइल गटारात ओतू नका, आमच्या पिंपात आणून टाका. कोणत्या गॅरेजचं आहे ते विचारणार नाही.

वडील आता शेडवर दुपारपर्यंत बसतात. पुतणी इलेक्ट्रिक गाड्यांचं शिकतेय. त्या गाड्यांच्या नारिंगी वायरींना घरी हात लावायचा नाही एवढंच ती वर्गात सांगते. बाकी टायर, वायपर आणि छोटी बारा व्होल्टची बॅटरी तिथंही आहेच. वडिलांनी परवा तिच्या एका गाडीला पेचकस लावून ऐकलं आणि म्हणाले, "काहीच वाजत नाही की बे हे."

वर्ग रविवारी साडेआठला. येताना गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल आणा. ऑइल कोणतं, किती, हवा किती, कुठला फ्यूज कशाचा, सगळं त्यात आहे. बहुतेकांचं अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असतं.