तुम्ही विचारलंत म्हणून : ओळ पानाबाहेर का पळते

गणपती महिन्यावर आले की मला फोन सुरू होतात. यंदा तर दोन दिवसांत तिघांनी विचारलं की मास्तर, तुमचं कॉम्प्युटरवर छापलेलं भजनाचं नोटेशन एवढं सुबक कसं येतं, आमची ओळ पानाबाहेर पळते, शब्द भलत्याच स्वराखाली जातात, तर तुमचं सेटिंग पाठवा ना. सेटिंग म्हणे! मसाल्याचं प्रमाण विचारावं तसं. माझ्याकडे खास सेटिंग असं काही नाहीये हो, आणि हे फोनवर सांगून कुणाला पटत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

मुळात मी ह्यात पडलो कसा, तर मी मालवणकडचा, गणित शिकवून रिटायर झालो, आमच्या वाडीच्या भजनात कोरसला असतो आणि बुवा, म्हणजे आमचे मुख्य गायक, डबलबारीला (दोन बुवांच्या सामन्याला) गेले असले की पेटी धरतो. बुवांना सगळं तोंडपाठ, त्यांना कागद लागत नाही. पण चतुर्थीला मुंबईहून पोरं येतात, भाचा व्हायोलिन वाजवतो, शेजारची पोरगी कीबोर्ड, आणि दोघांना वाचता येतं ते पाच रेघांचं स्टाफ नोटेशन, भातखंड्यांची सा-रे-ग-म लिहायची लिपी त्यांना कळत नाही. माझं बरोबर उलटं. मग भाच्यानेच लॅपटॉपवर लिलीपाँड नावाचं नोटेशन छापायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. फुकट आहे, हॉलंडच्या दोघांनी 1996 मध्ये सुरू केलेलं, आणि त्यात माऊसने टिकल्या लावत बसायचं नाही, वहीत लिहावं तसं नुसतं टाईप करायचं. सी अक्षर आणि पुढे 4 म्हटलं की एक मात्रेचा सा, 2 म्हटलं की दोन मात्रांचा, 1 म्हटलं की चार, म्हणजे आकडा लहान तेवढा स्वर लांब. फाईल चार-पाच केबीची होते, पावसात रेंजची एक काडी असली तरी व्हॉट्सॲपवर जाते, मला तर एवढ्यावरच पटलं होतं.

आता ती पळणारी ओळ. पहिल्या वर्षी मी एक गजर बसवायला घेतला, ठाय म्हणजे संथ लय, बहुतेक स्वर दोन-दोन मात्रांचे, आठ मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, आणि मुखडा पाचव्या मात्रेवरून उचलायचा. छापून बघतो तर पहिली ओळ उजवीकडे पानाबाहेर, जणू कागद संपलाय हे तिला कुणी सांगितलंच नाही. मी काय केलं, अक्षर लहान केलं. स्टाफ साईझ मुळात 20 असतो, पाच रेघांची उंची साधारण सात मिलिमीटर, तो 16 केला, मग 14, मग समास कापले, मग ओळ तोडायची ब्रेकची कमांड जागोजागी टाकली, ती तर त्याने चक्क ऐकलीच नाही. शेवटी एकदाचं कसंबसं पानात कोंबलं आणि हौसेने बुवांना दाखवलं तर ते चष्मा वर करून म्हणाले, "मास्तर, माका ह्या दिसना नाय." वाचायचं त्यांना नव्हतंच, पण म्हणाले ते खरं होतं.

कारण कळायला दोन रात्री गेल्या, त्यातली एक लाईट नसल्यामुळे. लिलीपाँड ओळ तोडतं ती फक्त आवर्तनाच्या रेघेवर, म्हणजे जिथे माप पूर्ण होतं तिथेच, आणि तिथे एखादा स्वर रेघ ओलांडून पलीकडे लांबलेला असेल तर तोडत नाही. मुखडा समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी चार मात्रा सुरू होतो हे सांगायला पार्शल नावाची कमांड आहे, मी तिच्यापुढे हौसेने 4 लिहिलं. चार मात्रा म्हणून चार! पण तिथला 4 म्हणजे एक मात्रा, चार मात्रांना 1 लिहायला हवा होता. त्यामुळे माझी प्रत्येक सम भलत्याच जागी पडली, दोन मात्रांचा एक ना एक स्वर प्रत्येक रेघेवर आडवा पडलेला, आणि ओळ तोडायला त्या बिचाऱ्याला जागाच उरली नाही. एक आकडा बदलला आणि सगळं आपोआप पानात बसलं, साईझ परत 20.

म्हणून फोनवर मी आधी विचारतो की मात्रा मोजल्यात का, आणि समोरच्याला वाटतं म्हातारा टाळतोय. टाळत नाही हो. दहातल्या आठ वेळा बिघाड पानात नसतो, मोजणीत असतो. आकडा लिहायचा राहिला की ते आधीच्या स्वराचाच आकडा पुढे चालवतं, आणि एक चूक शेवटपर्यंत सरकत जाते. ह्याला उपाय एकच, आवर्तन संपलं की उभी रेघ टाईप करायची. ती छापली जात नाही, ती नुसती तपासणी असते, मोजणी चुकली असेल तर कुठे चुकली ती ओळ क्रमांकासकट दाखवतं. तो इशारा लोक वाचत नाहीत आणि मला फोन करतात. तरीही सापडलं नाही तर फाईलची कॉपी करून अर्धी उडवायची, बिघाड राहिला तर उरलेल्या अर्ध्यात, गेला तर उडवलेल्यात. मखराची दिव्यांची माळ पेटली नाही की आपण काय वेगळं करतो?

शब्दांचं मात्र आपलं मराठीचं वेगळं दुखणं आहे. आपल्याला सवय भातखंडे पद्धतीची, प्रत्येक मात्रेखाली काहीतरी हवं, अक्षर नाहीतर अवग्रह (ऽ). पण इथे एका लांब स्वराला एकच अक्षर मिळतं, मग त्याच्यापुढे तुम्ही ऽ टाईप केलात की तो पुढच्या स्वराखाली जाऊन बसतो आणि तिथून सगळं गाणं एकेक घर सरकतं. ऽ विसरा, अक्षर लांबवायचं तर दोन अंडरस्कोर द्या, रेघ ओढली जाते. शब्द तोडायला दोन आडव्या रेघा, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना स्पेस, स्पेस विसरलात तर रेघा शब्दासकट छापल्या जातात. जोडाक्षर तोडू नका. "विठ्ठल" गाताना आपण विठ्-ठल म्हणतो हे कबूल, पण तसं टाईप केलं की ठचा पाय मोडलेला दिसतो, मी वि आणि ठ्ठल असंच तोडतो, ज्याला गायचंय त्याला कळतं. आणि शब्द व्हॉट्सॲपवरून उचलताना डोळे उघडे ठेवा. एकदा कोळीगीताच्या शब्दांत कुणीतरी "दर्या" ऐवजी "दऱ्या" पाठवलेलं, मी तसंच छापलं, होडी निघाली ती डोंगरात.

पट्टीचं पण सांगतो. मी सगळं पांढरी एकमध्ये, म्हणजे सी हा सा धरून, लिहितो आणि मग ट्रान्स्पोज करतो, म्हणजे हवी ती पट्टी करून घेतो. बुवांची काळी दोन. तिला डी शार्प म्हणून सांगितलंत तर पानभर शार्प आणि डबल शार्पचे काटे उगवतात, भाच्याने हातच जोडले. तीच पट्टी इ फ्लॅट म्हणून सांगा, बिलावल थाटाला, म्हणजे सगळे स्वर शुद्ध असतात त्याला, तीन फ्लॅट पुरतात. पेटीवर दोन्ही एकच, कागदावर नाही.

बरं, सेटिंग हवंच असेल तर माझी तीन आहेत, घ्या. पहिली ओळ आत सरकते, तिचा इंडेंट शून्य करा. शेवटच्या ओळीत चारच स्वर असले तरी ती पानभर ताणून दाखवतं, त्याला रॅग्ड लास्ट चालू करा. आणि तळाला सॉफ्टवेअरचं नाव येतं ते टॅगलाईन बंद केली की जातं. बाकी ओळींमधलं अंतर वगैरे मी त्याच्यावर सोडतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. झेरॉक्सवाल्याला मात्र पीडीएफच द्या, नाहीतर त्याच्या मशीनवर देवनागरी फाँट भलताच लागेल, आणि ए फोरवरच काढ, फिट टू पेज नको, असं समोर उभं राहून सांगा.

राहिला आलाप. बुवा अभंगाच्या आधी जो आलाप घेतात त्याला ताल नाही, म्हणून तिथे कॅडेन्झा चालू करावं लागतं, आणि एकदा ते चालू केलं की आवर्तनाच्या रेघा बंद, म्हणजे ओळ परत पानाबाहेर. इथे मात्रा मोजून उपयोग नाही, मात्राच नाहीत. मग रिकामी रेघ द्यायची, बारच्या कमांडपुढे नुसती अवतरणचिन्हं, आत काही नाही. दिसत नाही, पण ओळ तोडायला जागा मिळते. मी ती बुवा श्वास घेतात तिथे टाकतो. गेल्या वर्षी रेकॉर्डिंग लावून एकेक श्वास शोधला, सहा निघाले, पान छान बसलं. यंदा सरावाला भाचा कागद घेऊन बसला, आणि बुवांनी तोच आलाप चार श्वासांत संपवला.